एका नावाखाली दडलेले दोन स्केट

स्केट हा आपल्या पाकटाचा भाऊबंद. तसाच चपटा, पर पंखांसारखे पसरलेला. पाकटाच्या शेपटीवर विषारी नांगी असते, स्केटच्या शेपटीवर नुसत्या काट्यांच्या रांगा. शिवाय पाकट पिल्लं देतं, तर स्केट चामड्यासारख्या कोषात अंडी घालतो. इथवर ओळख सोपी आहे. पण स्केटची एक जात दुसरीपासून वेगळी काढताना युरोपात जो घोळ झाला, तो आठ दशकं टिकला.

सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये स्केटच्या 'बाटिस' या जातीला नाव दिलं. १८३७ मध्ये पार्नेल या निसर्गअभ्यासकाने स्कॉटलंडमधली 'इंटरमीडिया' वेगळी सांगितली. १९२६ मध्ये रॉबर्ट क्लार्क यांनी युरोपातल्या स्केटांची फेरमांडणी केली, तेव्हा मात्र या दोन्ही एका 'बाटिस'मध्येच जमा झाल्या. हे क्लार्क म्हणजे शॅकल्टनच्या अंटार्क्टिकावरच्या 'एन्ड्युरन्स' मोहिमेतले जीवशास्त्रज्ञ, अधिकारी माणूस. अशांचं म्हणणं सहसा कोणी पुन्हा तपासत नाही.

दरम्यान मासेमारीने या माशाचा फडशा पाडला. आयरिश समुद्रातून तो जवळजवळ नाहीसा झाल्याचं १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. २००९ मध्ये युरोपीय संघाने तो बंदरात उतरवण्यावर बंदी घातली. नेमक्या त्याच सुमारास फ्रान्समधले संशोधक इग्लेसियास आणि सहकारी ताजे मासे शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. त्यांना एका 'बाटिस'मध्ये दोन जाती दिसल्या, एक धाकटी, एक थोरली. धाकट्याच्या डोळ्याचं बुबुळ फिकट पिवळं, थोरल्याचं गडद हिरवट. धाकट्याच्या प्रत्येक परावर फिकट कड्याचा एक गोल डाग, थोरल्याच्या परावर फिकट ठिपक्यांचा पुंजका. दात आणि शेपटीवरचे काटेही वेगळे. धाकटा १४३ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, थोरला २२८ पर्यंत जातो. डीएनएनेही तेच सांगितलं.

लांबीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थोरल्याची मादी दोन मीटरच्या आसपास पोचल्यावरच वयात येते, म्हणजे अंडी घालण्याआधी जाळ्यात सापडण्याची भीती तिलाच जास्त. आकडे एकत्र मोजले, तर थोरल्याची घट धाकट्याच्या संख्येत झाकली जाते.

आता धाकट्याला 'ब्लू स्केट' आणि थोरल्याला 'फ्लॅपर स्केट' म्हणतात. 'बाटिस' हे नाव धाकट्याकडे राहिलं. स्कॉटलंडमध्ये तर फ्लॅपरच्या पाठीवरचे ठिपके छायाचित्रांवरून जुळवून एकेक मासा ओळखला जातो. तिथल्या स्काय बेटाजवळ त्याची अंडी घालायची जागा सापडली आणि २०२१ मध्ये तिला तातडीने संरक्षण मिळालं. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला सुमारे दीड वर्ष लागतं.