पडजिभेजवळचा क

छत्रपती संभाजीनगरात ‘मकबरा’ हा शब्द तीन प्रकारांनी कानावर पडतो. मराठी बोलणाऱ्याच्या ‘मकबरा’तला क हा ‘कणीस’ किंवा ‘काका’ यांतल्या कपेक्षा मुळीच वेगळा नसतो. घरी दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, बोलणारा बहुधा ‘मख़बरा’ म्हणतो. त्याच्या ख़मध्ये आपल्या ‘खुरपं’तल्या खसारखा स्फोट नसतो, तर घशाच्या तोंडाशी हवा घासत जाण्याचा आवाज असतो. उर्दूचे रीतसर शिक्षण घेतलेला माणूस मुशायऱ्यात किंवा भाषणात ‘मक़बरा’ म्हणतो आणि त्याचा क़ या दोहोंहून निराळा, अधिक मागून आलेला आणि अधिक जड ऐकू येतो. तो अरबीतून फारसीमार्गे दख्खनेत आला. येथे आल्यावर मराठीने त्यातला पूर्ण अडथळा जपला आणि जागा सोडली. दखनीने जागा जवळपास जपली आणि अडथळा सैल केला. हा फरक समजण्यासाठी व्यंजन घडते कसे, हे आधी पाहावे लागते.

फुप्फुसांतून येणारी हवा तोंडात कोठेतरी क्षणभर पूर्ण अडवली, तिचा दाब वाढू दिला आणि मग ती एकदम सोडली, म्हणजे स्फोटक व्यंजन तयार होते. अडवणे, धरून ठेवणे आणि सोडणे अशा या तीन अवस्था आहेत. ‘पका’ आणि ‘पक्का’ यांत जिभेची जागा एकच असते, फक्त ‘पक्का’त मधली अवस्था लांबते. शाळेत आपण क ते म या 25 वर्णांना स्पर्श व्यंजने म्हणतो. परंतु काटेकोर अर्थाने ते सगळे स्फोटक नाहीत. ङ, ञ, ण, न, म उच्चारताना हवा नाकातून निसटत राहते, त्यामुळे दाब साचत नाही. च-वर्गात अडवलेली हवा एकदम न सुटता घासत सुटते. हे दोन गट वगळले, की कवर्ग, टवर्ग, तवर्ग आणि पवर्ग यांतले प्रत्येकी चार, असे 16 खरे स्फोटक उरतात, आणि त्यांतला फ तर आज अनेकांच्या तोंडी ओठ व दात यांमधून घासून येऊ लागला आहे. स्फोटक व्यंजने अजिबात नाहीत, अशी भाषा अद्याप आढळलेली नाही. ती कोणत्या जागी आणि किती प्रकारांनी घडवायची, एवढ्यापुरताच भाषाभाषांत फरक असतो.

प्रकारांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. 1964 साली ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी 11 भाषांतील स्फोटकांची मोजणी प्रसिद्ध केली, त्यांत मराठीही होती. अडथळा सुटण्याचा क्षण आणि स्वरतंतू कंप पावू लागण्याचा क्षण यांतले अंतर त्यांनी मोजले. मराठी ‘ब’मध्ये ओठ उघडण्यापूर्वीच कंप सुरू झालेला असतो, ‘प’मध्ये तो ओठ उघडताच सुरू होतो, आणि ख, थ यांसारख्या अघोष महाप्राण वर्णांत तो बराच उशिरा, मध्ये हवेचा झोत जाऊ दिल्यानंतर सुरू होतो. इंग्रजी ‘पिन’च्या आरंभी हे अंतर साधारण 60 मिलिसेकंदांचे असते, म्हणजे इंग्रजांचा तो प आपल्या प आणि मूळच्या ओष्ठ्य फ यांपैकी फकडे अधिक झुकतो. भ, ध, घ या सघोष महाप्राणांचे वेगळेपण मात्र या एका मापात पकडता आले नाही. त्यांत स्वरतंतू कंप पावत असतानाच किंचित विलग राहतात आणि हवा गळत राहते. दक्षिण आशियाबाहेर अशी व्यंजने फार थोड्या भाषांत सापडतात. याच मोजणीत आणखी एक गोष्ट दिसते: अडथळा जितका मागे, तितके हे अंतर वाढते. क सुटल्यावर स्वर सुरू व्हायला पच्या तुलनेने अधिक वेळ लागतो.

आता जागेकडे वळू. ‘की’, ‘का’, ‘कू’ असे सावकाश म्हणून पाहिल्यास लक्षात येते, की क हा एकाच ठिकाणी पक्का बसलेला नाही. ‘की’ म्हणताना जीभ टाळूला बरीच पुढे टेकते, तर ‘कू’ म्हणताना बरीच मागे. या तिन्ही जागा मृदू तालूच्या टापूत येतात आणि मराठी कान तिघांनाही क म्हणूनच ऐकतो. मृदू तालू मागे जिथे संपतो, तिथे मधोमध लोंबणारा मांसल भाग म्हणजे पडजीभ. आरशासमोर तोंड मोठे उघडून ‘आ’ म्हटले की ती दिसते. जिभेचा अगदी मागचा भाग वर आणि मागे नेऊन पडजिभेच्या लगत हवा अडवली, की क़ घडतो. अडवण्याऐवजी अरुंद फट ठेवली तर घर्षक व्यंजन मिळते. पडजिभेलाच हवेच्या झोतावर थरथरू दिले तर गुळण्या करताना होतो त्याच जातीचा आवाज होतो, आणि फ्रेंच व जर्मन भाषांतला घशातला र हा याच जागेचा आहे. तो कधी थरथरता, तर आज बहुतेकदा नुसता घासणारा असतो.

ही जागा अभ्यासायला अवघड ठरली. टाळूला रंग किंवा पावडर लावून जिभेचा ठसा कुठे उमटतो हे पाहण्याची जुनी युक्ती त आणि ट यांना उत्तम लागू पडते. पण ती कठोर तालूपुरतीच चालते. पडजिभेपर्यंत काही नेले तर माणसाला उमासे येऊ लागतात. म्हणून क़सारख्या व्यंजनांचे नेमके चित्र आधी क्ष-किरणांनी आणि अलीकडे बोलणाऱ्याच्या तोंडाचे सलग एमआरआय चित्रण करून मिळवावे लागले.

जगातल्या भाषांचा तौलनिक नमुना घेतला तर साधारण सहांपैकी एका भाषेत पडजिभेची व्यंजने सापडतात, आणि या भाषा नकाशावर विखुरलेल्या नसून पुंजक्यांनी येतात: उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा, आर्क्टिक प्रदेश, कॉकेशस, पश्चिम व मध्य आशिया, आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. सगळ्या जगाने उचललेला ‘कयाक’ हा शब्द इनुइट भाषांत क़ने सुरू होतो आणि क़नेच संपतो. कझाक लोक स्वतःला ‘क़ज़ाक़’ म्हणतात. जॉर्जियन भाषेत तर स्वरयंत्रातली फट बंद करून, तिच्या वर कोंडलेल्या हवेवर क़ फोडतात. ‘बेडूक पाण्यात डरावतो’ या अर्थाचे ‘बक़ाक़ी त्स्क़ाल्शी क़िक़िनेब्स’ हे वाक्य तिथे परक्याची जीभ वळते का, हे पाहण्यासाठी हौसेने म्हणायला लावतात. पेरूमधील कुस्को येथील केचुआ भाषेत क आणि क़ दोन्ही आहेत, आणि दोहोंचे साधा, महाप्राण आणि जॉर्जियनसारखा असे तीन-तीन प्रकार आहेत. त्यांतल्या महाप्राणाच्या भेदाला मराठी माणूस अडखळणार नाही. अडखळेल तो जागेच्या भेदाला.

अशा भाषांत क़ शेजारच्या स्वरांनाही आपल्याकडे ओढतो. क़साठी जिभेचे मूळ मागे आणि खाली खेचले जाते, तर ई आणि ऊ यांना जीभ उंच हवी असते. ही ओढाताण झाली की स्वर हार खातो. केचुआत मूळ स्वर तीनच आहेत, अ, इ आणि उ. पण क़च्या शेजारी इचा उच्चार एसारखा आणि उचा ओसारखा होतो, त्यामुळे ‘क़ुस्क़ु’ हे नाव ऐकताना ‘क़ोस्क़ो’ वाटते. ग्रीनलंडच्या भाषेत हा बदल इतका नियमित आहे, की लेखनातही क़ आणि घशातला र यांच्या आधी ए आणि ओ यांची अक्षरे लिहितात. अरबीत ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. ऐकणाऱ्याला हे दोन शब्द वेगळे करायला व्यंजनाइतकीच त्यापुढच्या अचा जडपणाही मदत करतो.

अरबीभाषक जगात या क़चे जे झाले, ते पाहिल्यावर मराठी आणि दखनीतला फरक अधिक उलगडतो. प्रमाण अरबीत क़ टिकला. कैरोच्या बोलीत तो आणखी मागे सरकून थेट स्वरयंत्रातला अडथळा बनला आणि ‘क़ल्ब’चे ‘अल्ब’ झाले, मात्र आरंभी एक सूक्ष्म झटका उरला. अनेक बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या, बोलींत तो पुढे आला, सघोष झाला आणि ‘गल्ब’ झाला. पॅलेस्टाइनच्या ग्रामीण बोलीत तो आपल्यासारखाच क झाला. कैरो, बेदुईन आणि मराठी या तिघांनी एकच गोष्ट जपली, ती म्हणजे पूर्ण अडथळा.

मराठीने अडथळा किती कटाक्षाने जपला, हे तिने घेतलेल्या इतर ध्वनींवरूनही दिसते. ‘हक्क’, ‘बाकी’, ‘तालुका’, ‘कर्ज’, ‘अक्कल’ यांत मूळचा क़ आहे, तर ‘मालक’, ‘वकील’, ‘कमान’ यांत साधा क. आज मराठी कानाला यांतला भेद सांगता येणार नाही. पण ‘खबर’ आणि ‘खर्च’ यांत मुळात स्फोट नव्हताच, तिथे घर्षक ख़ होता. ‘गरीब’ आणि ‘बाग’ यांतही सघोष घर्षक ग़ होता. मराठीने दोन्ही ठिकाणी हवा पुरती अडवली. ख़च्या जागी तिने महाप्राण ख निवडला, हे मला फार सूचक वाटते, कारण घर्षणाचा जो आवाज गेला, त्याची भरपाई स्फोटानंतरच्या हवेच्या झोताने झाली. ख़सारखा ध्वनी या भूमीला अगदीच अपरिचित होता असे मात्र नाही. संस्कृतात क किंवा ख यांच्या आधी येणाऱ्या विसर्गाचा जिव्हामूलीय हा उच्चार याच जातीचा होता आणि पाणिनीच्या 8.3.37 या सूत्रात त्याची नोंद आहे. तो स्वतंत्र वर्ण म्हणून मराठीपर्यंत पोहोचला नाही.

दखनीने दुसरी वाट धरली. मराठवाड्यात आणि हैदराबादेकडे ‘क़रीब’चे ‘ख़रीब’ आणि ‘तक़दीर’चे ‘तख़दीर’ होते. ‘क़ब्र’ आणि ‘ख़बर’ इतक्या जवळ येतात, की त्यावर विनोद होतात. उत्तरेकडच्या उर्दूभाषकांनी या उच्चाराला पुष्कळदा अशुद्ध म्हणून हसण्यावारी नेले आहे, पण ध्वनिशास्त्राला त्यात काही अशुद्ध दिसत नाही. जिभेचा मागचा भाग जड आणि पडजीभ मऊ. तिथला बंद थोडा सैल पडला की स्फोटाचे घर्षण होते. पेरूमध्येच कुस्कोने क़ राखला असताना अयाकुचोच्या केचुआने त्याचे अगदी असेच घर्षक केले, आणि त्या दोन बोलींचा दख्खनेशी काडीमात्र संबंध नाही.

हा बदल तोंडाच्या असमर्थतेतून आलेला नाही, याचा पुरावाही मराठवाड्यातच आहे. बाजारात ‘ख़रीब’ म्हणणारी व्यक्ती कुराणपठण करताना शिकवल्याप्रमाणे नेटका क़ उच्चारते. पठणाच्या या शिस्तीला तजवीद म्हणतात आणि तिच्यात प्रत्येक वर्णाचा मख़रज, म्हणजे उगमस्थान, मुलांकडून घोटून घेतले जाते. आठव्या शतकातील व्याकरणकार सीबवैह याने क़चे स्थान जिभेच्या सर्वांत मागच्या भागाशी आणि कचे त्याच्या किंचित पुढे सांगितले होते; आजचे एमआरआय चित्रही तेच दाखवते. तजवीदमध्ये क़लक़ला नावाचा नियमही आहे: क़, जड त, ब, ज आणि द हे पाच वर्ण स्वराविना आले तर त्यांची सुटका झाकू न देता स्पष्ट उसळीने ऐकवायची. पंचवीस स्पर्श वर्ण मांडणारे आपले शिक्षाकार, म्हणजे प्राचीन उच्चारशास्त्रकार, आणि हे पठणगुरू यांनी कोणत्याही उपकरणाविना, केवळ जिभेच्या जाणिवेवर, इतके बारकावे टिपले हे थक्क करणारे आहे.

क़चा सघोष जोडीदार जगात क़हूनही दुर्मीळ असण्याला भौतिक कारण आहे. स्वरतंतू कंप पावत राहायचे तर त्यांच्यातून हवा वाहत राहिली पाहिजे, आणि वर अडथळा असताना ती मावायला मधे पोकळी हवी. बमध्ये ओठांपर्यंतची सगळी पोकळी मिळते, शिवाय गालही फुगतात. गमध्ये ती आक्रसते. पडजिभेपाशी अडथळा केल्यास इतकी थोडी उरते, की खालचा आणि वरचा दाब चटकन सारखा होऊन कंप थांबतो. डच आणि थाई यांसारख्या भाषांत ब आणि द असूनही मूळचा स्वतंत्र ग नाही, तोही याच अडचणीमुळे. जालन्यासारख्या गावांत स्थायिक झालेल्या सिंधी कुटुंबांच्या भाषेत यावरचा एक उपाय ऐकायला मिळतो: तिच्यातील चार खास सघोष व्यंजनांत स्वरयंत्र खाली ओढून पोकळी वाढवली जाते आणि कंप टिकतो. तेहरानच्या फारसीने क़ आणि ग़ एकत्र करून शब्दारंभी सघोष स्फोटक ठेवला खरा, पण दोन स्वरांच्या मध्ये तो घर्षकच होतो.

मराठी माणसाला क़ साधायचा असेल तर ‘कू’पासून सुरुवात करावी. ‘कू’चा क धरून ठेवावा, हवा न सोडता जिभेचे टोक खाली सैल ठेवून मागचा भाग आणखी मागे सरकवावा आणि मग ‘आ’वर सोडावे. खसारखा झोत बाहेर येऊ देऊ नये, कारण अरबी आणि उर्दूतला क़ अल्पप्राण आहे. घासल्याचा आवाज आला तर बंद सैल राहिला, असे समजावे. ‘का’ आणि ‘क़ा’ एकापाठोपाठ म्हटल्यावर दुसऱ्यातला आ जड आणि मागे गेलेला ऐकू आला, तर अडथळा योग्य जागी होत आहे.