लिहिलेला सा, वाजलेला सा

गायकाने ‘काळी पाच’ म्हटलं की पेटीवाला काय ते समजतो: पेटीची पाचवी काळी पट्टी हा आजचा सा. वहीतला सा मात्र साच राहतो. पट्टी बदलली म्हणून कोणी बंदिश नव्याने लिहून काढत नाही. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचं नेमकं हेच आहे, पट्टीसुद्धा हीच. कागदावर असतो सी, म्हणजे पेटीची पांढरी एक, आणि कानावर पडते दोन पट्ट्या खालची काळी पाच.

मग संगणकाच्या फाइलीत कोणता स्वर नोंदवायचा, लिहिलेला की ऐकू येणारा?

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच ओळींवर स्वर मांडायची पाश्चात्त्य लिपी, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायला म्युझिकएक्सएमएल हा फॉरमॅट सर्रास वापरतात. तो मायकेल गुड यांनी तयार केला. पहिली आवृत्ती २००४ची. त्यात प्रत्येक स्वराला ‘पिच’ नावाचा टॅग, म्हणजे माहितीचा कप्पा, असतो आणि त्यात स्वराचं अक्षर आणि सप्तकाचा क्रमांक येतो. क्लॅरिनेटसाठी नियम असा, की पिचमध्ये कागदावरचा स्वर लिहायचा आणि ‘दोन पट्ट्या उतरा’ ही सूचना ‘ट्रान्सपोज’ या वेगळ्या टॅगमध्ये द्यायची. इथवर ठीक.

आता पियानो घ्या. फार उंच स्वर लिहायचे तर पाच ओळींच्या वर आणखी बारक्या रेघांची शिडी चढवावी लागते, आणि ती वाचताना डोळे शिणतात. म्हणून ते स्वर एक सप्तक खाली लिहितात आणि डोक्यावर ८चा आकडा घालून तुटक रेघ ओढतात. कागदावर पाचव्या सप्तकातला सी, वाजतो सहाव्यातला. फाइलीत? सहाव्यातला! टॅग तोच, पण इथे तो वाजणारा स्वर सांगतो. वर त्या तुटक रेघेच्या ‘ऑक्टेव्ह-शिफ्ट’ टॅगमध्ये दिशा द्यायची ‘डाउन’. वादकाला ती रेघ ‘वर जा’ म्हणते; फॉरमॅट म्हणतो, ‘छापताना खाली आणलंय’. नवखा प्रोग्रामर इथे हमखास आपटतो, आणि त्यात त्याची फारशी चूक आहे असं मला वाटत नाही.

मोजणीतही तोच घोळ. ऑक्टेव्ह-शिफ्टमध्ये एक सप्तक म्हणजे ८ आणि दोन सप्तकं म्हणजे १५. सोळा का नाही? कारण दोन्ही टोकं धरून मोजायची संगीतकारांची जुनी रीत आहे आणि दोन सप्तकांच्या सांध्यावरचा सी एकदाच मोजला जातो. आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. सात दिवसांना आठवडा आणि दोन आठवड्यांना पंधरवडा आपणही म्हणतोच. पण त्याच फाइलीत ट्रान्सपोजच्या टॅगमध्ये शिरलात, की एक सप्तक म्हणजे सरळ १.

२०२१च्या ४.० आवृत्तीत एक सोय झाली: मुख्य प्रत वाजणाऱ्या स्वरांत आणि क्लॅरिनेटवाल्याची प्रत त्याच्या पट्टीत, अशा दोन्ही एकाच फाइलीतून काढता येतात. पिचच्या अर्थाला मात्र कोणी हात लावला नाही. लावला असता, तर जुन्या फाइलींमधली क्लॅरिनेटं काळी पाच सोडून पांढरी एकवर वाजू लागली असती.