पाळीवरचा बीपी

आमचे दाजी इचलकरंजीत गेली एकवीस वर्षं माग चालवतात. दवाखान्यात जायचं तर सुट्टीच्या दिवशी, एरवी खाडा पडतो. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातात. बीपी निघतो १३२/८४. "ठीक आहे," डॉक्टर म्हणतात. गेल्या पावसाळ्यात कारखान्यातच तपासणी शिबिर झालं. दाजी चालू पाळीतून उठून, कानातले कापसाचे बोळे तसेच ठेवून बाकावर येऊन बसले. पाच मिनिटं शांत बसवून दोनदा मोजलं. १५८/९८. दाजींना वाटलं मशीनच बिघडलंय. "परवाच तर दवाखान्यात बरोबर निघालं की!"

दोन्ही आकडे खरे होते. दवाखान्यात नॉर्मल आणि एरवी चढलेला, अशा रक्तदाबाला 'मास्क्ड हायपरटेन्शन' म्हणतात, म्हणजे लपलेला रक्तदाब. डॉक्टरांना बघून बीपी चढणारी माणसं आपल्या ओळखीची असतात. हा त्याच्या उलटा प्रकार. मला तो जास्त घातक वाटतो, कारण तो कुणाच्या नजरेला पडत नाही आणि उपचाराविना राहतो. हृदयाला आणि मेंदूला मात्र त्याची झळ जवळपास नेहमीच्या उच्च रक्तदाबाइतकीच बसते.

मागावर नेमकं काय होतं ते बघा. एक माणूस एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. इथे सुताची तार तुटली, तिथे कांडी संपली. मजुरी विणलेल्या मीटरवर, म्हणजे माग थांबला की पैसे थांबले. वेग मशीनचा, निर्णय मालकाचा, घाई आपली. कामाचा रेटा मोठा आणि हातात अधिकार मात्र थोडा, हा मेळ सर्वांत वाईट, असं कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. अशा वेळी शरीरात अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, बारीक धमन्या आकसतात, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. दहा मिनिटांचा प्रसंग असेल तर ओसरतं. पण बारा-बारा तासांच्या पाळ्या वर्षानुवर्षं केल्या की धमन्यांच्या भिंती जाड, कडक होत जातात आणि घरी आल्यावरही दाब पुरता उतरत नाही.

त्यात खडखडाट. दाजी म्हणतात, आवाजाची सवय झाली. पण मोठ्या आवाजाने झोपलेल्या माणसाचाही बीपी चढतो, हे मोजून दाखवलेलं आहे. रातपाळीचं दुखणं आणखी वेगळं. गाढ झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो, तीच धमन्यांची विश्रांती. दिवसा उजेडात, पोरांच्या गलक्यात घेतलेल्या तुटक झोपेत तो तेवढा उतरत नाही.

न्यूयॉर्कमध्ये संशोधकांनी नोकरदार पुरुषांच्या दंडाला चोवीस तास मोजणारं यंत्र बांधलं आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासलं. दोन्ही वेळेला रेटा मोठा, अधिकार थोडा असा ताण असलेल्यांचा कामावरचा वरचा आकडा, ताण नसलेल्यांपेक्षा सुमारे ११ ने जास्त होता. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: ज्यांचा ताण मधल्या काळात कमी झाला, त्यांचा रक्तदाबही उतरला होता.

मीठ, तंबाखू, दारू, वाढलेलं वजन ही कारणं आहेतच. दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक चमचा. फरसाण, पापड, लोणचं त्यातच धरायचं. तंबाखूचा बार भरला की थोडा वेळ बीपी वर जातोच, म्हणून मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'आयसीएमआर-इंडियाब' या पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. उच्च रक्तदाबासाठी दवाखान्यात १४०/९० ची रेघ धरतात, घरी मोजताना १३५/८५ ची. पाळीवर काम करणाऱ्याने कामाच्या दिवशीही मोजावं: पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड छातीच्या पातळीला, न बोलता. एका आकड्यावर निदान होत नाही, आठवडाभराचे लिहून न्यावेत.

दाजींनी भाचीच्या जुन्या वहीत तारखा आखून घेतल्या. 'दि.पा.', 'रा.पा.', पुढे दोन आकडे. ती वही चाळून डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली. आता सुट्टीच्या दिवशीचा आकडा १२४ आला, तरी दाजी आधी रातपाळीचं पान उघडून दाखवतात.