शेवटच्या गावाचे पस्तीस दिवस

इतके किलोमीटर केबल टाकली, असं सरकार सांगतं. इतके दिवस इंटरनेट बंद आहे, असं गाव सांगतं. दोघंही खरंच बोलत असतात. नागपूर जिल्ह्यात कुही, भिवापूर, पारशिवनीकडच्या ग्रामपंचायतींत ही दोन्ही वाक्यं ऐकायला मिळतात, आणि ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे कळायला आधी काचेपासून सुरुवात करावी लागते.

ऑप्टिकल फायबर म्हणजे अतिशय शुद्ध काचेचा तंतू. जाडी १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो जेमतेम नऊ मायक्रॉनचा. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील. त्यांची अपेक्षा माफक होती: एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी चालेल. आजच्या फायबरमध्ये एका किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल एवढीच घट होते, म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त प्रकाश शिल्लक राहतो. नागपूरहून काटोल साधारण ६० किलोमीटर. एवढ्या अंतरानंतरही सुमारे सहा टक्के प्रकाश उरतो, तोही वाटेत कुठे जोर न देता. काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं ते या कामासाठी.

थोडक्यात, काचेची अडचण कधीच सुटली आहे. अडचण आहे ती खड्ड्याची.

केबल टाकायला साधारण १.६५ मीटर खोल चर खणतात, त्यात प्लॅस्टिकची नळी पुरतात आणि दाबाच्या हवेनं केबल तिच्यात ढकलत नेतात. खर्चाचा मोठा भाग या खोदकामात जातो. नागपूर शहरातल्या धरमपेठेत एक किलोमीटर खोदलं की शेकडो घरं मिळतात. वेलतूरच्या रस्त्याला तेवढंच खोदलं तर दोन धुरे आणि एक नाला. त्यामुळे कंपन्या आपणहून तिकडे जात नाहीत, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. इथं धोरण लागतं. टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम एका निधीत जमा होते. आधी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणत, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. शहरातल्या रिचार्जचा एक बारीकसा वाटा असा खेड्याच्या चरात जातो. याच पैशावर २०११ मध्ये मंजूर झालेली, पुढे भारतनेट नाव मिळालेली, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याची योजना उभी राहिली.

पहिल्या टप्प्यात काटकसर केली गेली. तालुक्यापासून गावाकडे बीएसएनएलचं जुनं फायबर जिथपर्यंत गेलं होतं तिथपर्यंत तेच वापरायचं, आणि उरलेलं अंतर नव्यानं खोदायचं. हिशेब बरोबर होता. पण त्यातून जाळ्याला जो आकार आला तो सरळ रेघेचा: तालुका, मग पहिलं गाव, दुसरं, तिसरं. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत ठिबकची नळी सुरुवातीलाच तुटली की पुढची सगळी झाडं कोरडी राहतात, तसंच.

आता थोडं गणित. तालुक्यापासून एका रेघेत पाच गावं आहेत असं धरू. दर दोन ठिकाणांमधला केबलचा तुकडा वर्षातला ९८ टक्के वेळ शाबूत असतो, हेही धरू. (हा आकडा उदाहरणापुरता, पण रस्त्याचं रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन आणि जेसीबी लक्षात घेता फार निराशावादी नाही.) पहिल्या गावाला ९८ टक्के मिळतात. पाचव्या गावासाठी मात्र पाचही तुकडे एकाच वेळी चालू असावे लागतात. ०.९८ ला पाच वेळा गुणलं की येतात ०.९०४. म्हणजे वर्षातले सुमारे ३५ दिवस ते गाव बंद. कोणी हलगर्जी केली नाही, काच खराब निघाली नाही, कागदावर गाव जोडलेलंच आहे, आणि तरीही ३५ दिवस.

याच पाच गावांत एक तुकडा वाढवा. पाचव्या गावातून केबल दुसऱ्या वाटेनं परत तालुक्याला आणा. आता प्रत्येक गावाला दोन बाजूंनी वाट आहे. एक तुटली तर उपकरणं आपोआप उलट्या दिशेनं माहिती पाठवतात. पाचवं गाव बंद पडायला त्याचा नवा तुकडा आणि जुन्या पाचांपैकी एखादा, असे दोन्हीकडचे घाव एकाच वेळी बसायला हवेत. हिशेब केला तर वर्षाला साधारण १७ तास येतात. सर्वांत अडचणीत असेल ते मधलं तिसरं गाव, आणि त्याचेही सव्वा दिवसच. खोदकाम वाढलं एका तुकड्याचं, बंद दिवस घटले ३५ वरून सव्वावर. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित भारतनेटमध्ये तालुका ते ग्रामपंचायत अशी रिंग घातली आहे आणि दहा वर्षांची देखभालही ठेवली आहे. माझ्या मते त्या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच. खर्चाचा आकडा बातम्यांत आला, रिंग फारशी आली नाही.

एक खोच मात्र आहे. वरचं गणित दोन वाटा एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच खरं. जाणारी आणि येणारी केबल एकाच रस्त्याच्या कडेला, एकाच चरात पुरली तर जेसीबीचा एक दात दोन्ही तोडतो आणि रिंग कागदावरच राहते. कुहीच्या पूर्वेला आंभोऱ्याकडे वैनगंगेचं पाणी पसरलेलं, पारशिवनीच्या वर पेंचचं जंगल. अशा ठिकाणी दुसरा रस्ता शोधणं महाग पडतं, आणि मोह होतो तो इथंच. गावाची केबल तपासायला कोणी आलं तर ‘किती किलोमीटर’ऐवजी ‘परतीची केबल कोणत्या रस्त्यानं’ असं विचारून पाहावं.

तुटलेली जागा शोधणं आश्चर्य वाटावं इतकं सोपं आहे. ओटीडीआर नावाचं यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा एक झटका सोडतं आणि मागे परतणारा क्षीण प्रकाश किती वेळात आला ते मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. १०० मायक्रोसेकंदांनी परत आला तर तूट १० किलोमीटरवर. तंतूची टोकं वितळवून जोडणं हेही तासाभराचं काम. बाकीचा वेळ जातो माणूस पोहोचण्यात आणि रस्ता खोदायची परवानगी मिळण्यात. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावं म्हणून २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आलं. पाण्याची लाइन टाकणाऱ्या छोट्या ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये ते असेल तेव्हा त्याचा उपयोग.

आणि वीज. जुन्या पद्धतीत तालुका ते गाव या वाटेवर प्रकाश वाटणाऱ्या काचेच्या जोडण्या होत्या. त्यांना वीज लागतच नसे. मधल्या गावात भारनियमन असलं तरी पुढच्या गावाचं अडत नसे. नव्या रिंगमध्ये ग्रामपंचायतीत राउटर बसतो, आणि तो चालला तरच माहिती पुढे सरकते. एका गावाची बॅटरी उतरली तर रिंग उलट फिरून भागवते. दोन गावांची एकदम उतरली, की त्यांच्यामधली सगळी गावं अलग पडतात, त्यांच्याकडे वीज असली तरी. म्हणजे ग्रामपंचायतीचं थकलेलं वीजबिल आता फक्त तिचा प्रश्न उरत नाही. शेजारच्या गावातल्या पोरांचा ऑनलाइन फॉर्म त्यावर अडू शकतो. राउटरच्या विजेसाठी वेगळा मीटर घ्यायचा की सौर पॅनल लावायचं, बॅटरी किती तासांची ठेवायची आणि ती बदलायचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, हे करार करतानाच ठरवून लिहून ठेवावं लागेल.