आधी सगळ्या कांजी, मग शब्द?

जपानी शिकणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: आधी जोयो यादीतल्या (जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या) २,१३६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अर्थवाही अक्षरं, सगळ्या उच्चारांसह पाठ करा, शब्द आपोआप येतील. ते येत नाहीत.

'जीवन, जन्म' या अर्थाची एकच कांजी घ्या. यादीतच तिचे १२ उच्चार आहेत. 'गाकुसेई' (विद्यार्थी) मध्ये ती 'सेई', 'इश्शो' (आयुष्यभर) मध्ये 'शो', 'उमारेरु' (जन्मणे) मध्ये नुसती 'उ', तर 'कच्चे' या अर्थी 'नामा'. कुठे कोणता उच्चार हे शब्दच ठरवतो. सुटी यादी घोकून ते कळत नाही. 'मोठा' आणि 'माणूस' या कांजी जोडून होणारा 'ओतोना' (प्रौढ) तर दोन्हींच्या नेहमीच्या उच्चारांना धरूनच नाही.

म्हणून पाठांतराच्या फ्लॅशकार्डावर सुटी कांजी नको, शब्द हवा, तोही छोट्या वाक्यात. क्रियापदांसाठी तर हे अत्यावश्यक. मराठीत 'मी दार उघडलं' आणि 'दार उघडलं' दोन्हींना एकच 'उघडणे' चालतं. जपानीत 'दोआ ओ आकेरु' (दार उघडणे) आणि 'दोआ गा आकु' (दार उघडतं) ही वेगळी क्रियापदं. नुसतं 'आकेरु म्हणजे उघडणे' लिहिलं की चूक ठरलेली.

रोज ८-१० नवे शब्द पुरेत. उत्साहात ३० घेतले तर काही आठवड्यांत उजळणीच शेकडो कार्डांवर जाते आणि बहुतेकजण तिथेच सोडतात. एखादा शब्द चार-पाचदा चुकला तर कार्ड रेटू नका, वाक्य बदला. कांजी हाताने लिहायची ती सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत घोटाळा होऊ लागल्यावर, 'वाट पाहणे' आणि 'हातात धरणे' या अर्थाच्या कांजींसारख्या.