कण्याच्या नलिकेचा संकोच, पाठीच्या स्नायूंचा ऱ्हास आणि कायरोप्रॅक्टिक उपचार

मणक्यांमधून खाली उतरणारी आणि मज्जारज्जू व नसा सामावून घेणारी हाडांची नलिका अरुंद होऊन आतील नसांवर दाब येणे, या विकाराला कण्याच्या नलिकेचा संकोच अथवा स्पायनल स्टेनोसिस म्हणतात. तो कमरेत सर्वाधिक आढळतो, त्यातही चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांच्या दरम्यान. ‘मणक्यात गॅप आला’ असे जे सरसकट बोलले जाते त्यात हाही विकार मोडतो. मात्र येथे तो शब्द दिशाभूल करतो, कारण नवी फट पडत नाही, उलट असलेली जागा आक्रसते.

वयपरत्वे मणक्यांमधील गादीतले पाणी कमी होऊन ती बसते आणि नलिकेच्या बाजूला फुगते. भार मागच्या लहान सांध्यांवर पडल्याने तेथे हाड वाढते. नलिकेच्या मागील भिंतीला अस्तरासारखा असणारा पीतबंध जाड होऊन आत दुमडतो. काहींमध्ये एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकलेला असतो, तर काहींची नलिका जन्मतःच निमुळती असते. डच मेंदूशल्यविशारद हेंक फर्बीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे जे सविस्तर वर्णन केले, त्यामुळे त्याला वैद्यकात स्वतंत्र ओळख मिळाली. नलिकेचा पुढून मागे जाणारा व्यास १० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास संकोच तीव्र मानण्याची प्रथा आहे. तरीही माप आणि त्रास यांचा मेळ बसतोच असे नाही. १९९० सालच्या एका छोट्या अभ्यासात, कंबरदुखी कधीच न झालेल्या साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे एक पंचमांश जणांच्या एमआरआय चित्रात संकोच दिसला होता. केवळ अहवाल वाचून घाबरून जाण्याचे म्हणूनच कारण नाही.

रुग्णाची चाल पाहिली तर निदानाचा निम्मा उलगडा होतो. काही मिनिटे चालल्यावर कुल्ल्यांपासून पोटऱ्यांपर्यंत जडपणा, मुंग्या आणि वेदना सुरू होतात. नुसते उभे राहून बरे वाटत नाही, बसावे लागते किंवा गुडघ्यांवर हात टेकून वाकावे लागते. चार पावले चालून थकणारा हाच माणूस ढकलगाडीच्या दांड्यावर रेलून बराच लांब जातो आणि सायकलही चालवतो, कारण पुढे वाकल्यावर नलिका थोडी रुंदावते व मागे झुकल्यावर अरुंद होते. रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने दुखणाऱ्या पायांना मात्र थांबून उभे राहिल्यावरच आराम पडतो. हा फरक तपासणीत आवर्जून पाहावा लागतो.

नसांच्या दाबावर बोलताना पाठीच्या स्नायूंकडे फार वेळा दुर्लक्ष होते. मणक्यांना अगदी लगटून असणारा मल्टिफिडस हा स्नायू एकेका मणक्याला जागेवर धरून ठेवतो. नस दबल्याने त्याचा चेतापुरवठा कमी झाला, किंवा दुखण्याच्या भीतीने हालचाल आटली, की तो बारीक होतो आणि त्याच्या तंतूंच्या जागी चरबी साठू लागते. एमआरआयच्या आडव्या छेदात निरोगी स्नायू सलग करडा दिसतो. झिजलेल्या स्नायूत हाडालगतच्या खोल भागापासून पांढरे पट्टे शिरलेले असतात. कमजोर स्नायूमुळे कण्याचा आधार घटतो, चालणे आणखी कमी होते आणि स्नायू आणखी वाळतो. दुखणे थांबले की हा स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्याला व्यायामाने कामाला लावावे लागते.

कायरोप्रॅक्टिक ही प्रामुख्याने हातांनी कण्यावर उपचार करण्याची पद्धती डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. मणके किंचित सरकल्याने बहुतेक आजार होतात, हा त्यांचा मूळ सिद्धान्त शास्त्रीय पुराव्यांवर टिकलेला नाही. उपचारात ‘कट्’ असा आवाज येतो तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याचा. जागचे हललेले हाड परत बसल्याचा नव्हे. वाढलेले हाड किंवा जाड झालेला पीतबंध हातांच्या दाबाने विरत नाही, आणि तसे आश्वासन कोणी देत असेल तर ते स्वीकारू नये.

याचा अर्थ या उपचाराला काहीच स्थान नाही असा नव्हे. संकोच असलेल्या रुग्णांसाठी जोरदार झटक्याऐवजी सौम्य पद्धती वापरतात. त्यांपैकी एकीत रुग्णाला बिजागरी असलेल्या टेबलावर पालथे झोपवून टेबलाचा खालचा भाग हळूहळू झुकवतात, म्हणजे कंबर ताणली जाऊन पुढे वाकते. अमेरिकेत साठीपुढील २५९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हस्तोपचार व वैयक्तिक व्यायाम यांची जोड मिळालेल्या गटाला दोन महिन्यांनी लक्षणे व चालणे यांत अधिक फायदा दिसला. सहा महिन्यांनी मात्र गटांमध्ये विशेष फरक उरला नाही. हस्तोपचाराने मिळालेल्या उसंतीत व्यायामाची सवय लावून घेणे हाच त्याचा खरा उपयोग म्हणता येईल.

कण्याचा अस्थिभंग, गाठ, जंतुसंसर्ग किंवा हाडांचा तीव्र ठिसूळपणा असल्यास कण्यावर झटका देणे धोक्याचे असते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, पाय झपाट्याने लुळे पडू लागणे यांपैकी काहीही दिसल्यास कोणत्याही हस्तोपचाराची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण दबलेल्या नसा उशिरा मोकळ्या केल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.

अन्य उपायांनी चालणे सुधारत नसेल तर शस्त्रक्रियेने मणक्याच्या मागील कमानीचा भाग काढून नसांना जागा करून देतात. पारंपरिक पद्धतीत तेथे पोहोचण्यासाठी मल्टिफिडस हाडापासून सोडवावा लागतो आणि त्यामुळे आधीच झिजलेल्या स्नायूला आणखी इजा होते. लहान छेदातून, तंतू बाजूला सारून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया हे नुकसान टाळण्यासाठीच पुढे आल्या.