कलम ३७१-आय : गोव्याला मिळाले काय?

जमिनी वाचवण्यासाठी गोव्याला विशेष दर्जा द्या, ही मागणी निघाली की कोणीतरी म्हणतोच, ‘घटनेचे कलम ३७१ आहे की आपल्याला!’ आहे खरे. १९८७ च्या ५६व्या घटनादुरुस्तीने ३७१-आय आले. पण त्यात एवढेच लिहिले आहे, की गोवा विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत. तेही लिहावे लागले कलम १७० मुळे. राज्याच्या विधानसभेत किमान ६० सदस्य हवेत असे ते कलम सांगते, आणि ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याला ते झेपणारे नव्हते. जमिनीचा, गावकारीचा (गावाच्या सामायिक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेचा), रूढींचा त्यात शब्दही नाही.

त्याच वर्षी २० फेब्रुवारीला मिझोराम राज्य झाले. त्यांच्या ३७१-जी मध्येही आमदारांचा किमान आकडा आहे, ४०. पण त्याच्या आधी खरी तरतूद आहे: जमिनीची मालकी व हस्तांतरण, धार्मिक-सामाजिक प्रथा आणि रूढीचा कायदा यांविषयी संसदेने केलेला कायदा तिथल्या विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होत नाही. शंभर दिवसांच्या आत, ३० मे रोजी, गोवा राज्य झाले आणि आपल्या वाट्याला फक्त आकडा आला.

मिझोरामच्या मागे दोन दशकांचे बंड आणि १९८६ चा करार होता, हे मान्य. पण आपण तेव्हा काय मागत होतो? १९६७ च्या जनमत कौलात प्रश्न महाराष्ट्रात विलीनीकरणाचा होता. राज्य होण्याआधीची वर्षे मराठी-कोकणीच्या वादात गेली, आणि ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. दोन्ही बाजूंनी जीव तोडून भांडलो. त्या धामधुमीत जमीन मागे पडली, असे माझे ठाम मत आहे. पोर्तुगीज नागरी कायदा १९६२ पासून चालू राहिला, तोही संसदेच्या साध्या कायद्याच्या आधारावर.

पुढे २०१३ मध्ये विधानसभेने विशेष दर्जासाठी एकमताने ठराव केला. दिल्लीने तो दर्जा दिला नाही. या चर्चेत डोंगराळ व मागास राज्यांना मिळणारा आर्थिक मदतीचा ‘विशेष श्रेणी’ दर्जा वारंवार घुसतो; त्याचा जमिनीशी काही संबंध नाही.

२०२३ मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा झाला. चांगलेच झाले. मात्र त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून जमिनीचा झोन, म्हणजे तिचा ठरवून दिलेला वापर, बदलायची नवी वाटही उघडली गेली. शिवाय राज्याचा कायदा पुढची विधानसभा साध्या बहुमताने बदलू शकते. ३७१-जी सारख्या कलमाला हात लावायचा तर घटनादुरुस्तीच करावी लागते.